सोमवारचं पाणी, गुरुवारचा आकडा

प्रश्न : मी तारापूर एमआयडीसीतल्या एका डाय इंटरमिजिएट्सच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. आमच्या ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) आउटलेटवर बसवलेल्या मीटरांचे आकडे दर पंधरा मिनिटांनी आपोआप प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरवर जातात. माझी पुतणी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, ‘काका, आमची टीम सध्या स्ट्रीम प्रोसेसिंगचा एपीआय सोपा करतेय.’ मी म्हटलं, आकडे आले, बेरीज केली, सरासरी काढली, यात अवघड काय होतं ते तुम्ही सोपं करताय? ती म्हणाली, ‘तुम्ही थांबलेल्या आकड्यांची सरासरी काढता, आम्हाला वाहत्या आकड्यांची काढायची असते.’ हे मला नीट कळलं नाही. आणि हे सगळं सोपं झालं, तर प्रोग्रामिंग न येणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्याचा काही उपयोग आहे का?
(एक वाचक, बोईसर)

उत्तर : पुतणीचं उत्तर नेमकं आहे, पण ते तिच्या टेबलावरून दिलेलं आहे. आपण ते तुमच्या प्रयोगशाळेतून बघू.

तुमच्या आसपासचे पुष्कळ कारखाने बॅचवर चालतात. रिअॅक्टर चार्ज करायचा, तापवायचा, मधूनमधून नमुना काढून बघायचा, झालं की रिकामा करायचा. बॅचला नंबर असतो, सुरुवात असते, शेवट असतो, आणि शेवट झाल्याशिवाय यील्ड किती आलं हे कोणी विचारत नाही. संगणकांनीही हिशेबाचं काम वर्षानुवर्षं असंच केलं. महिना संपला की हजेरीचा गठ्ठा आत, पगारपत्रक बाहेर. प्रोग्रामर याला बॅच प्रोसेसिंगच म्हणतात, शब्दसुद्धा तुमचाच. आउटलेटच्या पाण्याचं तसं नाही. ते काल वाहत होतं, आत्ता वाहतंय, हे वाचून होईपर्यंत आणखी काही घनमीटर गेलं असेल. त्याला शेवटचा आकडा नाही. मग ‘सगळ्या आकड्यांची सरासरी’ म्हणजे कोणत्या सगळ्या?

न संपणाऱ्या गोष्टीची सरासरी काढायची तर ती आधी कुठेतरी कापावी लागते. हे तुम्ही रोज करता, फक्त त्याला नाव देत नाही. ‘पहिल्या पाळीत फ्लो किती झाला?’ असं मॅनेजर विचारतात तेव्हा त्यांनी दिवसाचे तीन तुकडे केलेले असतात, एकाला एक लागून. ‘गेल्या तासाभरात पीएच कुठे होता?’ असं विचारलं की तासाचा तुकडा घड्याळाबरोबर पुढे सरकत राहतो. आत्ताचा तास आणि पाच मिनिटांनंतरचा तास यांत पंचावन्न मिनिटं तीच असतात. आणि ‘रिअॅक्टरच्या वॉशिंगचं पाणी आलं तेव्हा सीओडी किती चढला?’ या प्रश्नात (सीओडी म्हणजे पाण्यातल्या घाणीचं रासायनिक माप) तुकड्याची लांबी घड्याळ ठरवतच नाही. वॉशिंग येत राहील तोवर तुकडा चालू, बराच वेळ काही आलं नाही की संपला. प्रोग्रामर या तुकड्यांना खिडक्या म्हणतात आणि या तीन प्रकारांना अनुक्रमे टम्बलिंग, स्लायडिंग आणि सेशन अशी नावं देतात. कल्पना तुमच्याकडे आधीपासून होती.

खरी अडचण वेळेची आहे, आणि ती तुमच्याइतकी चांगली फार थोड्यांना कळेल. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्या चाचणीची, बाटली तुम्ही २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवता. सोमवारी सकाळी भरलेल्या बाटलीचा आकडा गुरुवारी सकाळी हाती येतो. तो आकडा कोणत्या दिवसाचा? तुम्ही क्षणभरही विचार न करता सोमवारचा म्हणाल, कारण ते पाणी सोमवारचं होतं. संगणकाला मात्र हे कोणी सांगितलं नाही तर तो गुरुवारचाच धरणार, कारण त्याच्यापाशी तो गुरुवारी पोचला. प्रत्येक आकड्याला अशा दोन वेळा असतात: घडल्याची आणि पोचल्याची. एक्सेलमध्ये महिनाअखेरीस बसून काम करताना या दोहोंतलं अंतर मिटून गेलेलं असतं, म्हणून ते जाणवत नाही. वाहत्या आकड्यांत ते सतत समोर येतं. जुलैतल्या पावसात वीज जाते, टॉवरची रेंज जाते, डेटा लॉगर आकडे पोटात साठवून ठेवतो आणि रेंज आली की एकदम सगळे ओकतो. कधी पहिल्या पाठवणीची पोच न मिळाल्यामुळे तोच आकडा पुन्हा पाठवतो. पीएचच्या बाबतीत ते फारसं बिघडवत नाही, पण फ्लोची बेरीज करत असाल तर तेवढं पाणी दोनदा वाहिलं असं कागदावर होतं.

आता यात आणखी एक पदर घाला. सीओडीची नुसती सरासरी तुम्हाला खरं तर नको असते; समुद्रात एकूण किती भार गेला ते हवं असतं. लिटरला २०० मिलिग्रॅम सीओडी असलेलं १०० घनमीटर पाणी गेलं, तर २० किलो. म्हणजे फ्लोमीटरचा प्रवाह आणि सीओडी मीटरचा प्रवाह हे दोन्ही वेळेवर वेळ ठेवून जोडावे लागतात, आणि दोन्ही मीटरांची घड्याळं किंचित पुढेमागे असतात. एक आकडा आला की दुसऱ्याची वाट बघत तो हातात धरून ठेवायचा. किती वेळ? धरून ठेवलेला असताना मशीनच बंद पडलं तर? पुन्हा चालू झाल्यावर कुठपर्यंत मोजून झालं होतं, हे कोण लक्षात ठेवणार? सुरुवातीच्या काळात ही सगळी व्यवस्था प्रोग्रामरला हाताने लिहावी लागे. विचारायचा प्रश्न एका ओळीचा, आणि त्याच्याभोवती पानंच्या पानं. त्या पानांत तुमचा प्रश्न हरवून जाई, आणि चूक झाली तर ती नेमकी कुठे आहे हे सापडत नसे.

एपीआय म्हणजे कंट्रोल पॅनेल समजा. ऑपरेटरसमोर काही नॉब, काही दिवे. मागे वायरिंग, रिले, व्हॉल्व्ह. पॅनेल सोपं करायचं म्हणजे कोणते नॉब समोर ठेवायचे आणि कोणते मागे टाकायचे हे ठरवायचं. नॉब कमी केले की पॅनेल सोपं झालं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे आणि महागात पडतो. तापमानाचा नॉबच काढून टाकला तर पॅनेल सुटसुटीत दिसेल, बॅच मात्र जाईल. मशीन बंद पडल्यावर कुठून सुरुवात करायची, काम चार संगणकांत कसं वाटायचं, हे नॉब मागे गेलेच पाहिजेत. त्यांच्याबद्दल तुम्हाला विचारून काही फायदा नाही. उशिरा आलेल्या आकड्याचं काय करायचं, हा नॉब समोरच राहिला पाहिजे, कारण त्याचं उत्तर कोणत्याही संगणकतज्ज्ञाकडे नाही. ते पाणी ओळखणाऱ्याकडे आहे.

वाहत्या माहितीसाठी सोपं पॅनेल असावं ही आस जुनी आहे. बेल लॅब्जमधल्या डग मॅक्इलरॉय यांनी ऑक्टोबर १९६४ मधल्या एका टिपणात, बागेतल्या नळीला नळी जोडावी तसे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत अशी कल्पना मांडली. १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ती युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आणली. एका प्रोग्रामपुढे उभी रेघ काढायची आणि दुसऱ्याचं नाव लिहायचं, झाली जोडणी. त्याहून सोपं पॅनेल आजही फार नाही. पण त्या नळीत वेळ नव्हती. आधी आलं ते आधी, एवढंच तिला ठाऊक.

पुढच्या गोष्टीत एक मराठी नाव आहे, आणि ते तुमच्या पुतणीला माहीत असणारच. पुण्यात वाढलेल्या आणि तिथल्या पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीत शिकलेल्या नेहा नारखेडे यांनी अमेरिकेत लिंक्डइनमध्ये असताना जे क्रेप्स आणि जुन राव यांच्याबरोबर काफ्का नावाची प्रणाली घडवली. २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तुमच्या भाषेत काफ्का म्हणजे न संपणारं लॉगबुक. नोंदी क्रमाने खाली लिहिल्या जातात, वरची नोंद खोडायची नाही, आणि ज्याला हवं त्याने आपल्या गतीने वाचत जायचं. कोण कुठपर्यंत वाचून गेला याची खूण राहते. लॉगबुक उत्तम झालं. पण त्यातून पाळीची सरासरी काढायची तर ती मघाची पानंच्या पानं लिहिणं काही चुकलं नव्हतं, किंवा मग स्टॉर्म, स्पार्क यांसारखी वेगळी अवजड यंत्रणा शेजारी उभी करावी लागे. मे २०१६ मध्ये काफ्काबरोबर काफ्का स्ट्रीम्स ही लायब्ररी आली. वेगळी यंत्रणा नको, आपल्याच प्रोग्राममध्ये ती जोडून घ्यायची. तिला दोन दारं आहेत. पुढच्या दाराने गेलं की तयार क्रियापदं मिळतात: गाळ, बदल, गट कर, मोज, जोड. मागच्या दाराने गेलं की एकेक नोंद हातात घेऊन जे हवं ते करता येतं.

पुढच्या दाराने तुमचा प्रश्न साधारण असा लिहिला जाईल: आउटलेटचे आकडे घे, मीटरच्या क्रमांकाप्रमाणे वेगळे कर, आठ-आठ तासांच्या खिडक्यांत ठेव, उशिरा येणाऱ्यांसाठी इतका वेळ थांब, सरासरी काढ, निकाल अमुक ठिकाणी सोड. हे वाचून तुम्हाला कळतं की नाही? कळतं. तुम्ही लगेच हरकतही घ्याल, की पीएचची सरासरी काढून उपयोग नाही. पीएच लॉगरिथमवर चालतो, आणि चार तास ४ व चार तास १० राहिलेल्या पाण्याची सरासरी कागदावर ७ येते, म्हणून पीएचला कमाल आणि किमान बघायला हवं. ही हरकत प्रोग्रामरला कदाचित सुचली नसती. चांगल्या इंटरफेसची माझी कसोटी हीच आहे: तो वाचून विषयातल्या माणसाला हरकत घेता आली पाहिजे.

त्या वाक्यातले ‘इतका वेळ थांब’ हे तीन शब्द नीट बघा, कारण माझ्या मते सगळ्या विषयाचा जीव त्यांत आहे. या थांबण्याला काफ्का स्ट्रीम्समध्ये ग्रेस म्हणतात. खिडकी बंद व्हायची वेळ झाली, तरी उशिरा येणाऱ्यांसाठी ती आणखी किती वेळ उघडी ठेवायची. सुरुवातीच्या रचनेत हे सांगणं ऐच्छिक होतं. तुम्ही काही सांगितलं नाहीत, तर लायब्ररी मुकाट्याने २४ तास धरत असे. प्रोग्रामरला एक शब्द कमी लिहावा लागे. वरवर पाहता सोपंच. व्हायचं असं, की कोणी ‘खिडकीचा फक्त अंतिम निकाल दे’ असं सांगितलं की निकाल दिवसभर येतच नसे, आणि बिचाऱ्याला कारण कळत नसे. उलट बाजूने तुमची बीओडीची बाटली घ्या. ती येते ७२ तासांनी. २४ तासांची मुदत तोवर उलटून गेलेली, म्हणून तिचा आकडा सोमवारच्या खिडकीत जाणार नाही. तो गळून जाईल, आणि ही मुदत कोणी ठरवली असं विचारलं तर कोणीच ठरवलेली नसेल.

२०२१ मध्ये काफ्काच्या ३.० या आवृत्तीत हे बदललं. जुनी छोटी रीत मोडीत काढायची ठरली आणि तिच्या जागी दोन लांबलचक नावांच्या रीती आल्या. एकीच्या नावातच आहे ‘ऑफ साइज अँड ग्रेस’, म्हणजे खिडकीची लांबी आणि थांबायचा वेळ दोन्ही सांगा. दुसरी ‘ऑफ साइज विथ नो ग्रेस’, म्हणजे थांबणार नाही हे मान्य असल्याचं तुम्ही स्वतः लिहा. नावं लांबली, लिहायचं वाढलं. तरीही मी याला सोपं करणं म्हणतो. आधी प्रोग्राम लिहिणं सोपं होतं, आता तो वाचणं सोपं झालं. आणि असा प्रोग्राम एकदा लिहिला जातो, वाचला वर्षानुवर्षं जातो.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कारखान्यासाठी मीटरचे आकडे गोळा करणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. वापरायला सोपा असावा म्हणून, आकडा आला नाही तर मागचाच आकडा पुढे चालवायचा, असं त्यात मी परस्पर ठरवून टाकलं. पावसाळ्यातल्या एका रात्री एक ते पाच जोडणी तुटली. सकाळी आलेखावर पीएचची चार तास सरळ रेघ होती. रात्रपाळीचा ऑपरेटर ती बघून म्हणाला, ‘पाणी इतकं शांत कधी नसतं.’ लॉगरने पाचनंतर त्या चार तासांचे खरे आकडे पाठवलेही होते, पण ती जागा आधीच भरलेली असल्याने माझ्या प्रोग्रामने ते नाकारले. मी ऑपरेटरचा एक निर्णय वाचवला आणि त्या बदल्यात चार तासांचं खोटं लिहिलं. ते मला अजून टोचतं. पाणी कुठे जातं हे तुम्ही जाणता. तारापूरचं सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडलं जातं, आणि त्या समुद्रावर पोट असलेल्या मांगेला मच्छीमार समाजाच्या परिषदेला २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. डाय इंटरमिजिएट्ससह १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांवर ऑनलाइन मीटर बसवायला लावणारे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निर्देश फेब्रुवारी २०१४ चे. ते मीटर पाण्याची साक्ष द्यायला बसवलेत. साक्षीत मधले चार तास आठवत नसतील, तर आठवत नाही असंच नोंदलं गेलं पाहिजे.

तुम्हाला कामाला येईल अशी एक खोच सांगतो. काफ्का स्ट्रीम्सच्या तयार टम्बलिंग खिडक्या आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेच्या शून्यापासून मोजल्या जातात. आपली वेळ साडेपाच तास पुढे. म्हणून आठ तासांची खिडकी आपल्याकडे पहाटे साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊ अशी कापली जाते. तुमची पाळी सात, तीन आणि अकराला बदलत असेल, तर पहिल्या पाळीचा म्हणून येणारा आकडा प्रत्यक्षात रात्रपाळीचा शेवटचा दीड तास घेऊन येईल, आणि रात्रपाळीच्या चुकीचा जाब सकाळच्या माणसाला विचारला जाईल. अशा ठिकाणी पुढच्या दाराशी मिळणाऱ्या तयार खिडक्या पुरत नाहीत. आपल्या पाळीची खिडकी आपल्याला वेगळी लिहून द्यावी लागते. म्हणून दोन दारं असलेला इंटरफेस मला एका दाराच्या इंटरफेसपेक्षा प्रामाणिक वाटतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ऑगस्ट २०१७ मध्ये काफ्काच्याच लोकांनी केएसक्यूएल आणलं. बँका आणि कचेऱ्यांत साठवलेल्या तक्त्यांना प्रश्न विचारायची एसक्यूएल ही १९७० च्या दशकातली भाषा, ती त्यांनी वाहत्या नोंदींना लावली. एसक्यूएल वाचायला प्रोग्रामर असावं लागत नाही. तुमच्या कारखान्यातला अकाउंट्सचा माणूसही ती थोडीफार वाचत असेल. ती शिकाच, असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या वेळी पुतणी आली की तिच्यासमोर कागद घेऊन बसा. २०१५ मध्ये गुगलच्या टायलर अकिडाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहत्या माहितीचे चार प्रश्न वेगळे करून मांडले, ते मी तुमच्या कामाच्या भाषेत देतो. काय मोजायचं: पीएचचा कमाल-किमान, फ्लोची बेरीज, सीओडीचा भार. कोणत्या काळाचं: पाळीचं, सरकत्या तासाचं, की वॉशिंगच्या बॅचचं. उत्तर कधी सांगायचं: दर पंधरा मिनिटांनी तात्पुरतं, की खिडकी बंद झाल्यावर एकदाच. आणि सांगून झाल्यावर उशिरा आकडा आला तर: जुनं उत्तर दुरुस्त करायचं, की दुरुस्ती वेगळी दाखवायची. तिचा एपीआय खरंच सोपा असेल, तर या चार उत्तरांपलीकडे तुम्हाला ती काही विचारणार नाही. आणि तिने बीओडीसाठी किती थांबायचं हे न विचारताच काम सुरू केलं, तर तिला थांबवा.

प्रश्न : नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या डहाणू-तलासरी भागात धक्के बसू लागले, तेव्हा भूकंपमापक यंत्रं बसवली गेली. इथून अहमदाबाद महामार्गावर ट्रक जातात, खाणीत सुरुंग उडतात, वर्गात मुलं बाकं सरकवतात. यातला भूकंप कोणता हे यंत्राला कसं कळतं?
(एक शिक्षिका, धुंदलवाडी परिसर)

उत्तर : बाई, तुमचं पत्र बोईसरच्या पत्रानंतर आलं आणि विषय तोच निघाला, म्हणून दोन्ही उत्तरं एकत्र देतो.

यंत्राला भूकंप कळत नाही. ते फक्त जमिनीची हालचाल लिहितं, वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा तीन दिशांची. सेकंदाला शंभर नोंदी हा सर्रास वापरला जाणारा वेग धरला, तर तीन दिशा मिळून एका यंत्राच्या दिवसाला २,५९,२०,००० नोंदी होतात. बोईसरच्या मीटरच्या दिवसाला ९६. एवढ्या नोंदी साठवून सावकाश बघत बसता येत नाही. वाहत असतानाच त्या चाळाव्या लागतात.

चाळण्याची रीत तुम्ही मुलांनाही सांगू शकाल. दोन सरासऱ्या एकाच वेळी काढत जायच्या, दोन्ही सरकत्या खिडक्यांच्या. एक अगदी आखूड, सेकंदभराची. दुसरी लांब, अर्ध्या मिनिटाची वगैरे. लांब सरासरी म्हणजे आजूबाजूची नेहमीची कुजबुज. आखूड सरासरी म्हणजे आत्ताचा आवाज. लांब सरासरीने आखूड सरासरीला भागायचं; गुणोत्तर ठरलेल्या आकड्यापलीकडे गेलं की खूण करायची. रेक्स अॅलन यांनी १९७८ मध्ये भूकंप आपोआप ओळखण्याची जी पद्धत मांडली, ती याच कुळातली. वर्गात गोंगाट चालू असताना कोणी ओरडलं तर तुम्ही मान वर करत नाही, शांत परीक्षेत पेन्सिल पडली तरी करता, तसंच हे. ट्रक आणि बाकं वगळण्यासाठी शेजारची यंत्रं कामाला येतात. बाक एकाच यंत्राला हलवतं. भूकंपाची खूण काही सेकंदांच्या आत अनेक यंत्रांवर उमटते, म्हणून किमान तीन-चार ठिकाणी एकत्र खूण दिसली तरच ती घटना धरायची. सुरुंग याने गळत नाही. तो मोठा असला तर सगळीकडे उमटतो. त्यासाठी लहरींचा आकार, खोली आणि खाणीची वेळ हे माणसाला बघावं लागतं.

इथेही इंटरफेसचा प्रश्न होताच. वेगवेगळ्या यंत्रांच्या नोंदी वेगवेगळ्या साच्यांत लिहिलेल्या, आणि भूकंपशास्त्राच्या विद्यार्थ्याचा बराच वेळ साचे उलगडण्यातच जाई. म्युनिकच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी पायथन भाषेत ऑब्सपाय नावाची मोफत लायब्ररी बांधली आणि २०१० मध्ये तिची ओळख करून दिली. आज ती जगभर वापरात आहे. साचा कोणताही असो, ‘रीड’ एवढंच म्हणायचं, साचा ती स्वतः ओळखते. हाती येणाऱ्या गोष्टीचं नावच तिने स्ट्रीम ठेवलं आहे, आणि आतल्या एकेका सलग रेघेचं ट्रेस. मघाच्या दोन सरासऱ्या काढायची सोयही तयार आहे.

वीज गेली, यंत्र दहा मिनिटं बंद राहिलं, तर एकाच दिवसाचे दोन तुकडे येतात. ते सांधायला ‘मर्ज’ असं म्हणायचं. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत तर ऑब्सपाय मधली जागा शून्याने भरत नाही, मागच्या आकड्यानेही भरत नाही. तिथे नोंद नाही अशी खूण करून ती झाकून ठेवते. भरायचंच असेल तर कशाने भरायचं, ते तुम्ही लिहून द्यायचं. दोन तुकडे एकमेकांवर चढले आणि त्या सेकंदाला एक काही सांगतो, दुसरा काही वेगळंच, तर तेवढा भागही ती झाकून ठेवते.